पांढऱ्या ट्यूबशिवाय बर्फ



आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने लहानपणी एक निसर्गचित्र काढलेलं असतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा अर्धा सूर्य, तिथून निघून थेट आपल्या पायाशी येणारी नदी, काठावर एक झोपडी आणि तिच्या शेजारी नारळाचं झाड. आता कुणी म्हणालं, "बर्फाचं चित्र काढा," तर पुन्हा तेच चित्र येतं. फक्त डोंगरांच्या टोकांवर करवतीसारखी वाकडीतिकडी रेघ मारून वरचा भाग पांढरा केलेला असतो आणि नारळाच्या जागी ख्रिसमसचं झाड उगवलेलं असतं.

थंडी सुरू झाल्यापासून या सदराच्या वाचकांचे दोन प्रश्न सारखे येतायत. पहिला, "मी काढलेला बर्फ कापसासारखा दिसतो, काय करू?" आणि दुसरा, "कागद पांढरा, बर्फही पांढरा. मग रंगवायचं काय?"

दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याच्या उत्तरातच पहिल्याचं उत्तर आहे. पण ते उत्तर मला पुस्तकातून मिळालं नाही. ते माझ्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्याने दिलं, म्हणून आधी ती गोष्ट सांगते.

काकांचा निळा बर्फ

काही वर्षांपूर्वी मी घरी रविवारचा जलरंगाचा वर्ग घेत असे. शाळकरी मुलं, दोन-तीन गृहिणी, एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई आणि सगळ्यात मागे खिडकीपाशी बसणारे एक काका. वय सत्तरीच्या जवळ. सैन्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बोलणं कमी, पण वर्गाला वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर. मुलांचं ऐकून तेही मला 'बाई'च म्हणायचे.

एका रविवारी मी जुन्या कॅलेंडरवरचं एक बर्फाचं चित्र समोर लावलं आणि सांगितलं, "बर्फाची जागा कोरी सोडा. तिथे रंग लावायचाच नाही." सगळ्यांनी तसं केलं. काकांचा कागद पाहिला तर जवळजवळ सगळी जमीन निळी-करडी. फक्त एका उंचवट्याच्या कडेला बोटभर पांढरं सोडलेलं.

मी म्हटलं, "काका, बर्फ पांढरा ठेवायचा होता ना?"

ते जरा थांबून म्हणाले, "बाई, पांढरा बर्फ मी फार कमी पाहिला. आमची पाळी संध्याकाळी सुरू व्हायची. ऊन उतरलं की बर्फ निळा होतो. अगदी शाईसारखा निळा."

मुलं हसली. मीही हसले, असं प्रामाणिकपणे सांगायला हवं. कारण तोवर मी स्वतः बर्फ पाहिलेलाच नव्हता! कॅलेंडरं, सिनेमे आणि दुसऱ्यांची चित्रं बघून मी बर्फ शिकवत होते.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही मनालीला गेलो. दुपारी तीन-साडेतीनची वेळ होती. देवदारांच्या लांब सावल्या बर्फावर पडल्या होत्या आणि त्या काळ्या नव्हत्या, करड्याही नव्हत्या. त्या निळ्या होत्या. मी रस्त्यात उभी राहिले आणि पहिला विचार आला तो काकांचा.

बर्फ निळा का दिसतो?

हे समजून घेतलं तर निम्मं चित्र झालंच म्हणून समजा.

बर्फाचा एक कण हातात घेऊन पाहिला तर तो काचेसारखा पारदर्शक असतो. पण असे असंख्य कण एकावर एक पडले की त्यांच्या कडांवरून उजेड सगळीकडे उधळला जातो. सगळे रंग सारखेच उधळले गेल्यामुळे आपल्याला पांढरं दिसतं. स्वयंपाकघरातल्या साखरेचंही तसंच आहे. एक दाणा पारदर्शक, डबाभर साखर पांढरी.

म्हणजे बर्फाला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतो. जो उजेड पडेल तो रंग तो अंगावर घेतो. उन्हाच्या जागी पिवळसर, मावळतीला गुलाबी. आणि सावलीत? सावलीत सूर्याचा थेट उजेड पोचत नाही, पण वरच्या निळ्या आकाशाचा उजेड पोचतो. म्हणून निरभ्र दिवशी बर्फावरची सावली निळी दिसते. दिवस ढगाळ असेल तर आकाशच करडं, मग सावल्याही करड्या आणि पुसट.

यासाठी हिमालयात जायची गरज नाही. स्वच्छ उन्हाच्या दिवशी गच्चीवर पांढरी चादर वाळत घाला आणि तिच्या चुण्यांमधल्या सावल्या नीट बघा. त्यांत निळसर छटा दिसते. एकदा दिसली की मग ती सगळीकडे दिसायला लागते.

दुसरा प्रयोग घरातल्या मुलांबरोबर करा. ताटात वाटीभर मीठ किंवा पांढरी रांगोळी ओता. त्याचे छोटे डोंगर-दऱ्या करा. खोलीतला दिवा बंद करून एका बाजूने टेबललॅम्पचा उजेड पाडा. कुठे लख्ख पांढरं दिसतं, कुठे सावली हळूहळू विरते, कुठे तिची कड धारदार दिसते ते बघा. मग अंगठ्याने त्यात चार 'पावलं' उमटवा. प्रत्येक पाऊल म्हणजे एक छोटा खड्डा. दिवा ज्या बाजूला आहे, खड्ड्याची त्याच बाजूची आतली भिंत अंधारात असते आणि समोरची भिंत उजळते. ही गोष्ट पुढे आपल्या चित्रात लागणार आहे.

मोठ्यांनी काय केलं?

निळी सावली पाहून हसणारी मी काही पहिली नव्हते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने १८६८-६९च्या हिवाळ्यात नॉर्मंडीत 'मॅग्पाय' नावाचं चित्र काढलं. बर्फाने झाकलेलं शेत, एक कुंपण, कुंपणाच्या फाटकावर बसलेला एकच काळा-पांढरा पक्षी आणि बर्फावर पडलेल्या निळसर-जांभळ्या सावल्या. १८६९मध्ये पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाने, म्हणजे 'सलाँ'ने, हे चित्र नाकारलं. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात मानाने टांगलेलं आहे. मोबाइलवर शोधून जरूर बघा. एवढ्या पांढऱ्या चित्रात नजर पहिल्यांदा त्या छोट्या काळ्या पक्ष्यावर जाते, हेही लक्षात ठेवा.

त्याच्याही तीनशे वर्षं आधी, १५६५ साली, ब्रुगेल या चित्रकाराने 'बर्फातले शिकारी' हे चित्र काढलं. ते व्हिएन्नाच्या कला संग्रहालयात आहे. त्यात उतारावरून खाली येणारे थकलेले शिकारी, त्यांचे कुत्रे आणि उंच निष्पर्ण झाडं अगदी गडद आहेत. त्या गडदपणामुळेच बर्फ थंडगार वाटतो.

जपानच्या हिरोशिगेचं 'कांबारा' हे लाकडी ठशाचं चित्र तर माझं खास आवडतं. रात्रीची वेळ, बर्फाखाली गुडुप झालेलं गाव आणि वाकून चालणारी तीन माणसं. गंमत म्हणजे कांबारा हे समुद्राजवळचं, तुलनेने उबदार हवेचं गाव. तिथे असा बर्फ क्वचितच पडतो. तेव्हा "आम्ही कुठे बर्फ पाहिलाय?" असं म्हणून कुणी मागे राहू नका!

आणि आपल्याकडचं बघायचं तर कुलू खोऱ्यातल्या नग्गरला जा. रशियन चित्रकार निकोलस रोरिक १९२८पासून १९४७मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे राहिले आणि आयुष्यभर हिमालय रंगवत राहिले. त्यांच्या घरातच आता त्यांच्या चित्रांचं दालन आहे. त्यांचे डोंगर बघा: निळे, जांभळे, कधी गुलाबी. पांढरा रंग तिथे अगदी मोजका आहे.

साहित्य

फार खर्च करू नका. एवढं पुरे:

• जलरंगाचा जाड कागद, ३०० जीएसएमचा. साधा ड्रॉइंग पेपर पाण्याने फुगतो आणि मग सगळा उत्साह मावळतो.
• तीन ब्रश: आकाशासाठी एक चपटा इंचभर रुंद, एक गोल ८ नंबरचा आणि एक गोल ३ नंबरचा.
• रंग पाचच: अल्ट्रामरीन ब्लू, प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि क्रिमसन.
• एचबी पेन्सिल, मऊ खोडरबर, कागद फळीला चिकटवायला मास्किंग टेप.
• पाण्याची दोन भांडी. एक ब्रश धुवायला, दुसरं स्वच्छ पाणी घ्यायला. बर्फाच्या चित्रात मळकट पाणी चालत नाही.
• जुनं सुती फडकं किंवा टिश्यू पेपर, आणि एक मेणबत्ती.

पांढऱ्या रंगाची ट्यूब? ती ड्रॉवरमध्येच राहू द्या. जलरंगात आपला पांढरा रंग म्हणजे कागद. एकदा झाकला की तो तसाच्या तसा परत मिळत नाही, म्हणून पहिल्यापासून जपायचा.

आता चित्राला बसू

आपण हिमाचलमधलं एक छोटं दृश्य घेऊ. दूरवर डोंगर, डावीकडे देवदारांची रांग, उजवीकडे लाकूड आणि दगडाचं एक घर, घराकडे जाणारी पायवाट आणि मोडकं कुंपण. वेळ दुपारी चारची. ऊन डावीकडून येतंय, म्हणजे सावल्या उजवीकडे पडणार. हे एकदा ठरलं की मध्येच बदलायचं नाही.

१. आधी पत्त्याएवढं चित्र. कोऱ्या कागदावर खेळायच्या पत्त्याएवढा चौकोन आखा आणि पेन्सिलने तीनच छटांत दृश्य मांडा: कोरं, मधलं आणि गडद. निम्म्याच्या आसपास कागद कोरा राहायला हवा. एखाद्या फोटोवरून काढत असाल तर मोबाइलवर तो फोटो आधी काळा-पांढरा करून बघा. कुठली जागा खरोखर उजळ आहे ते लगेच कळतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते टाळणाऱ्याचे पुढे दोन तास वाया जातात.

२. पेन्सिलीचं रेखाटन. क्षितिज कागदाच्या बरोबर मध्ये नको. वरच्या एक तृतीयांशावर घ्या, म्हणजे बर्फाला जागा मिळेल. रेघा फिक्या ठेवा. जमिनीची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ नको. बर्फ सगळे कोपरे गोल करतो. दगडाचे, पायरीचे, कुंपणाचेसुद्धा. छपरावरच्या बर्फाला जाडी द्या. छपराच्या रेघेवर दुसरी, जरा लाटेसारखी रेघ काढा. गादी अंथरल्यासारखी दिसली पाहिजे.

३. आकाश. चपट्या ब्रशने आकाशाचा भाग स्वच्छ पाण्याने ओला करा. डोंगर आणि छप्पर मात्र कोरडं ठेवा. अल्ट्रामरीनमध्ये चिमूटभर बर्न्ट सिएना मिसळून वरून खाली रंग सोडा. क्षितिजाजवळ अगदी फिका यलो ऑकर. इथे एकच गोष्ट महत्त्वाची: आकाश बर्फापेक्षा गडद हवं. नवखे लोक नेमकं उलट करतात. आकाश फिकं ठेवतात आणि मग बर्फ उठून दिसत नाही म्हणून पांढऱ्या ट्यूबकडे धावतात. आकाश जरा धीटपणे लावा, बर्फ आपोआप उजळतो. जलरंग वाळल्यावर थोडा फिका होतो, हेही हिशेबात धरा.

आता थांबा. चहा करा. कागद वाळला का हे बघायला हाताची मागची बाजू अलगद कागदाला लावा. गार लागला तर अजून ओला आहे.

४. डोंगर. डावीकडून ऊन आहे, म्हणून डोंगराची डावी अंगं कोरी ठेवा. उजव्या अंगांना पातळ अल्ट्रामरीन लावा. डोंगराच्या पायथ्याशी ओला, स्वच्छ ब्रश फिरवून रंग विरवून टाका. तिथे आपोआप धुकं तयार होतं. लांबचा डोंगर जास्त फिका आणि जास्त निळा, जवळचा जरा गडद.

५. जमिनीवरच्या सावल्या. चित्राचा जीव इथे आहे. अल्ट्रामरीनमध्ये क्रिमसनचा एखादा थेंब घालून पातळ निळसर-जांभळा रंग करा. देवदारांच्या बुंध्यांपासून उजवीकडे सावल्या ओढा. पण जमीन सपाट नाही हे विसरू नका. सावली खळग्यात उतरते, उंचवट्यावर चढते, पलीकडे पुन्हा उतरते. तिच्या वळणांवरूनच बघणाऱ्याला बर्फाचा आकार कळतो. झाडाजवळ सावलीची कड धारदार ठेवा, दूर जाताना ओल्या ब्रशने मऊ करा. उंचवट्याच्या ऊन लागणाऱ्या बाजूला रंग लावायचाच नाही.

६. देवदार. त्रिकोण काढू नका. देवदाराच्या फांद्या आडव्या, एकावर एक मजले रचल्यासारख्या असतात आणि टोकं जरा खाली झुकलेली. प्रत्येक मजल्यावर बर्फ बसलेला असतो. आपण बर्फ काढायचा नाही, त्याच्या खालचा अंधार काढायचा. प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना आणि थोडा यलो ऑकर मिसळून दाट हिरवट-काळा रंग करा. ट्यूबमधला तयार हिरवा इथे फार भडक दिसतो. ब्रशमधलं पाणी फडक्याला टिपून, जवळजवळ कोरड्या ब्रशने प्रत्येक मजल्याची खालची बाजू रंगवा आणि वरचा कागद सोडत जा. पाच-सहा मजले झाले की दोन पावलं मागे जाऊन बघा. पांढऱ्याचा एक ठिपकाही न लावता झाड बर्फाने लदलेलं दिसेल.

७. घर. हिमाचलमधली जुनी काठकुणी घरं लाकूड आणि दगडाचे थर एकाआड एक रचून बांधतात. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकरचे आडवे पट्टे लाकडासाठी, मध्ये करडे पट्टे दगडासाठी. करडा रंग हवा असेल तर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करा. काळी ट्यूब वापरू नका, ती चित्र मळवते. छप्पर पूर्ण कोरं राहू द्या. फक्त छपराच्या कडेखाली, भिंतीवर, एक गडद सावली ओढा. एक खिडकी पिवळी ठेवायला विसरू नका. एवढ्या निळ्यात तेवढीच ऊब पुरते.

८. शेवटचे तपशील. कुंपणाचे चार-पाच खांब, त्यातला एखादा कललेला. बर्फातून वर आलेल्या वाळक्या गवताच्या दोन-तीन काड्या. जवळ सफरचंदाचं एखादं निष्पर्ण झाड. आणि पायवाटेवरची पावलं. जवळची मोठी आणि सुटी, दूरची लहान आणि एकमेकांना चिकटलेली. मिठातला अंगठा आठवा: ऊन डावीकडून, म्हणून खड्ड्याची डावी आतली बाजू गडद निळी, उजवी कोरी.

इथे थांबा. खरंच थांबा. बर्फाची चित्रं बहुतेक वेळा 'अजून एक हात' मारताना बिघडतात.

छोट्या युक्त्या

• रंग लावण्याआधी जिथे बर्फ हवा तिथे मेणबत्ती घासा. मेणावर जलरंग बसत नाही, कागद पांढरा राहतो. फांद्यांवरच्या बर्फासाठी छान. मात्र मेण नंतर निघत नाही, म्हणून जागा आधी नक्की करा.
• आकाशाचा रंग ओलसर असताना, पाण्याची चमक जाते न जाते तोच, मिठाचे चार-सहा दाणे टाका. वाळल्यावर झटकून टाका. दाण्याभोवती फुलासारखे पांढुरके ठिपके उमटतात.
• सावली फार गडद झाली? ओलसर ब्रशने हलकेच घासून टिश्यूने टिपा. पूर्ण पांढरं होणार नाही, पण मऊ नक्की होईल.
• पडणारा बर्फ दाखवायचा असेल तरच ड्रॉवर उघडायची परवानगी! पांढरा पोस्टर कलर जुन्या टूथब्रशवर घ्या, घरावर कागद झाका आणि अंगठ्याने ब्रिसल्स ओढून शिंतोडे उडवा. आधी रद्दीवर सराव करा.

छोट्या दोस्तांसाठी

सहा-सात वर्षांच्या मुलांना कागद कोरा सोडणं जमत नाही आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही नको. त्यांना गडद निळा किंवा काळा कार्डपेपर द्या आणि पांढरा, फिका निळा, फिका जांभळा असे ऑइल पेस्टल द्या. इथे उलटं गणित आहे. कागद म्हणजे अंधार आणि मुलं त्यावर उजेड लावतात. आधी फिका निळा, त्यावर जिथे ऊन पडलंय तिथे पांढरा. रात्रीचं गाव, पिवळ्या खिडक्या आणि वर चंद्र हे दृश्य त्यांना हमखास जमतं.

आणि घरातल्या आजी-आजोबांना थरथरत्या हातामुळे बारीक काम नको वाटत असेल, तर त्यांना आकाश आणि डोंगर द्या. ओल्या कागदावर रंग सोडायला हात स्थिर लागत नाही, धीर लागतो.

शेवटी, पुन्हा काका

मनालीहून परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या दिवशी काका बरोबर होते. चूक माझी होती." काका काहीच बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मात्र ते घरून एक चित्र काढून घेऊन आले.

लडाखकडचा कुठला तरी उतार असावा. झाड एकही नाही, घर नाही. वर गडद आकाश, खाली निळा बर्फ आणि दूर चढावर सहा माणसांची छोटी रांग. त्यांच्यामागे पावलांची एकच ओळ.

शिकवायची खोड जात नाही. मी म्हटलं, "काका, माणसं सहा आहेत, पावलांची ओळ एकच कशी?"

"बर्फात असंच चालतात, बाई," ते म्हणाले. "पुढचा वाट फोडतो. बाकीच्यांनी त्याच्याच पावलात पाऊल टाकायचं. तो दमला की तो मागे येतो, दुसरा पुढे जातो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "बाहेर पाय टाकला तर खाली काय आहे ते माहीत नसतं."

त्या दिवशी त्यांना न्यायला काकू आल्या होत्या. त्यांनी ते चित्र हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "इतकी वर्षं पत्रात एकच ओळ यायची. इथे थंडी आहे, बाकी मी मजेत आहे. मी आपली स्वेटर विणून पाठवायचे." चित्राकडे बोट दाखवून त्यांनी काकांना विचारलं, "यातले तुम्ही कितवे?"

काकांनी तिसऱ्या माणसावर बोट ठेवलं. काकू मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता सगळं सांगा." मी मुलांना घेऊन चहा करायला आत गेले. चहा गार झाला तरी दोघं बोलत होते.

त्या चित्रात दोष होते. आकाशात पाण्याचा एक डाग पडला होता आणि माणसांची प्रमाणं चुकली होती. मी एकही दुरुस्त करायला सांगितला नाही.

तेव्हा मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. एक जाड कागद, पाच रंग आणि वर दिलेलं दृश्य. आणि तुमच्या घरात कुणी खरा बर्फ पाहिलेला असेल, सैन्यात असताना, बदलीच्या गावी, लग्नानंतरच्या सहलीत किंवा परदेशी मुलाकडे, तर चित्र काढताना त्यांना शेजारी बसवा. त्यांना एवढंच विचारा, "तिथला बर्फ कुठल्या रंगाचा होता?" आणि ते जे सांगतील तो रंग लावा.

पुढच्या वेळी आपण धुकं काढायला शिकू. त्यासाठी रंग अजूनच कमी लागतात!